ओटा कुणाचा, सौदा कुणाचा: एका मोंढ्याच्या स्थलांतराचं प्रकरण

मोंढा म्हणजे मराठवाड्यात शेतमालाचा घाऊक बाजार. नांदेडला ‘नवा मोंढा’ आहे, परभणीलाही आहे, आणि दोन्ही आज भर वस्तीत आहेत. जुनी जागा पुरेना म्हणून बाजार उचलून बाहेर नेला आणि गाव त्याच्या मागं चालत आलं, एवढा इतिहास त्या ‘नवा’ शब्दात आहे. छत्रपती संभाजीनगरात शेतमालाचा बाजार जाधववाडीला भरतो, तरी जालना रोडवरचा ‘मोंढा नाका’ नावानं जिवंत आहे. थोडक्यात, मोंढा हलवणं मराठवाड्याला नवं नाही. हलवताना भांडणही तेच होतं, आणि दोन्ही बाजू जोर लावतात तो चुकीच्या ठिकाणी, असं माझं मत आहे. व्यापारी ‘हक्क’ म्हणून ओरडतात आणि हरतात. सरकार ‘अधिकार’ म्हणून ठासून सांगतं आणि कागदात अडकतं.

खालचं प्रकरण कुठल्या एका गावाचं नाही. गाव, माणसं आणि घटनाक्रम मी अभ्यासासाठी जुळवून घेतलाय. कायदा, कलमं आणि निकाल मात्र खरे आहेत. माझे वडील आडत दुकानात, म्हणजे शेतमालाच्या दलालीच्या दुकानात, मुनीम होते, त्यामुळे माझा कल कुणीकडं आहे ते वाचणाऱ्यानं आधीच ओळखून ठेवावं.

मोंढा कसा चालायचा

वेशीपासून स्टेशनकडं जाणारा रस्ता. दोन्ही अंगांना शंभरावर गाळे, पुढं फरशीचे ओटे, मागं गोदाम, वर शेटजींचं बिऱ्हाड. वस्ती निजामाच्या काळातली. तूर, मूग, ज्वारी आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन.

ऑक्टोबरात पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वेशीबाहेर जायची. आडत्या ढीग मांडायचा, खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन दातानं ओल बघायचे, सौदा व्हायचा, मापाडी काट्यावर, हमाल पोत्याखाली, आणि दुपारी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी. पट्टीत हमाली, तोलाई वजा आणि उरलेल्यातून मागची उचल वजा. उचल म्हणजे आडत्यानं पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला दिलेले पैसे. बँकेच्या पायऱ्या न चढलेल्या माणसाला हा ओटाच बँक होता. व्याज कसं लावलं जायचं ते सांगत बसलो तर वेगळा लेख होईल.

ओट्याला लागून बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान, समोर खानावळ, पलीकडं किराणा, कापड, सराफ, बियाण्याची दुकानं. शेतकरी माल विकायचा आणि त्याच पैशात वर्षाचा बाजार करून जायचा. मोंढा हलवायचा म्हटल्यावर हे सगळं जाळं हलवावं लागतं. सरकारी फायलीत मात्र ‘गाळेधारक’ एवढा एकच शब्द असतो.

वाद कसा पेटला

रस्ता शाळेचा होता. हंगामात शाळा सुटायच्या वेळेला ट्रॉल्या, टेम्पो आणि पोरं एकाच गल्लीत. एक अपघात झाला, मोर्चा निघाला, आणि दिवसा गावात जड वाहनांना बंदीचा आदेश आला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली असा आदेश काढता येतो, सार्वजनिक सुरक्षितता आणि सोय एवढं कारण त्याला पुरतं. व्यापाऱ्यांच्या संघटनेनं या आदेशाकडं दुर्लक्ष केलं. माझ्या मते खरा पेच त्यातच होता: ट्रकच आत येत नसेल तर मोंढा कायद्यानं जागेवर राहिला काय आणि नाही राहिला काय.

बाजार समितीकडं बायपासला जमीन होतीच. वर्षानुवर्षं तिथं बाभळी वाढल्या होत्या. समितीनं काँक्रीटचे दोन लिलाव ओटे बांधले, एक शेड उभी केली, भुईकाटा (अख्खी ट्रॉली तोलणारा काटा) बसवला आणि ठराव केला: अमुक तारखेपासून सगळे सौदे नव्या यार्डात, जुन्या जागी सौदा केल्यास परवाना रद्द. पंधरा दिवसांची मुदत, तीही सोयाबीनच्या तोंडावर.

ठराव होताना व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते ना? होते, दोन. समितीची ठरलेली घडण अठरा जणांची: सेवा सोसायट्यांतून अकरा, ग्रामपंचायतींतून चार, व्यापारी-आडत्यांचे दोन, हमाल-मापाड्यांचा एक. पंधरा विरुद्ध दोन ही बेरीज कायद्यानंच घातलेली आहे, कारण समिती शेतकऱ्याची असावी हाच हेतू. निवडून येणारे पंधरा किती शेतकरी आणि किती पुढारी, ते ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात बघावं.

मोंढा बंद झाला. दहा दिवस झाले तरी उघडला नाही. बंदमध्ये व्यापाऱ्याचं नुकसान कमी आणि शेतकऱ्याचं जास्त, हे दोघांनाही माहीत असतं. घरात सोयाबीन, दारात दिवाळी, मग खेडा खरेदीवाले काटा घेऊन शिवारात फिरू लागले आणि म्हणतील तो भाव घेऊ लागले.

‘घटना नाही का?’

अकराव्या दिवशी संघटनेचे तिघं माझ्याकडं आले. त्यातले थोरले म्हणाले, “वकीलसाहेब, गाळा माझा, धंदा माझ्या बापाचा, आन् हे मला उठवू लालेत. घटना नाही का?”

“काका, घटना आहे. पण तिच्यात तुमच्या गाळ्याचा नंबर नाही.”

त्यांना राग आला. पण हे आधी सांगणं भाग होतं. अनुच्छेद १९ धंद्याचा हक्क देतो आणि त्याच अनुच्छेदात सहाव्या खंडात सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालायची मुभा राज्याला देतो. बाजाराचा विषय तर थेट राज्याचा: सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत २८ वी नोंद आहे ‘बाजार व जत्रा’. माळेगावची यात्रा आणि तुमचा सोयाबीनचा ढीग घटनेनं एकाच ओळीत बसवलाय.

नियंत्रणही काल आलेलं नाही. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा १८९७ चा. १९२८ ला शाही कृषी आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि हैदराबाद संस्थानानं १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, आपला कायदा केला. मराठवाडा १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढं महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं हैदराबादच्या कायद्याची जागा घेतली. काकांच्या वाडवडिलांचा धंदाही नियंत्रणातच वाढला होता. रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव, मनाला येईल तो कडता (वजनातली कपात), धर्मादायाच्या नावानं कपात, हे थांबवायला हे कायदे आले, आणि त्याची गरज होती हे मुनिमाचा मुलगा म्हणून मी नाकारत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं यावर फार पूर्वी शिक्का मारलाय. १९५८ मध्ये अरुणाचल नाडर विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात मद्रासचा १९३३ चा व्यापारी पिकांच्या बाजाराचा कायदा आव्हानाला आला. परवान्याशिवाय, ठरल्या बाजाराबाहेर खरेदी-विक्री नको, हे बंधन वाजवी ठरलं. शेतकऱ्याला दलालापासून वाचवणं हे जनहित मानलं गेलं. त्यानंतर कुठल्याही राज्याचा बाजार कायदा मुळातून उडवणं अवघड होऊन बसलं.

अहमदाबादचे दोन डाव

मी तिघांना अहमदाबादची गोष्ट सांगितली, कारण त्यांना नेमकी तीच उपयोगी होती. तिथल्या व्यापाऱ्यांनी मुंबई राज्याच्या १९३९ च्या कायद्याला आव्हान दिलं. १९६१ च्या मोहम्मद हुसेन निकालात कायदा टिकला, पण व्यापारीही रिकाम्या हातानं परतले नाहीत. फीची कमाल मर्यादा राज्यानं ठरवायची होती, ती ठरवली नव्हती. नंतर समाविष्ट केलेल्या काही मालांसाठी बाजार कायद्याप्रमाणं स्थापनच झाला नव्हता. या दोन गोष्टी होईपर्यंत अंमलबजावणीला रोख लागला.

मग सरकारनं काय केलं? चुका दुरुस्त केल्या. १९६५ मध्ये जान मोहम्मद बागवान खटल्यात फळं-भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांकडून पुन्हा तेच मुद्दे आले आणि यावेळी याचिका फेटाळली गेली.

काकांनी विचारलं, “म्हणजे जिंकून उपेग काय?”

उपेग असा, की मधल्या काळात मिळतं ते खरं मिळतं. वेळ, सुविधा, वाटपाचे नियम. व्यापारी जागेसाठी लढला तर सगळं किंवा काही नाही असा खेळ होतो. रीतीसाठी लढला तर काहीतरी पदरात पडतं. पथारीवाल्यांबाबत सोदान सिंग खटल्यात १९८९ ला न्यायालयानं हेच सूत्र ठेवलं: रस्त्यावर धंदा करण्याचा हक्क मान्य, ठरावीक जागेवर बसण्याचा नाही. गाळेवाला पथारीवाल्याशी आपली तुलना ऐकून दुखावतो, पण सूत्र त्यालाही लागतंच.

राहिला मालकीचा मुद्दा. अनुच्छेद ३००क सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. पण इथं गाळा काढून कोण घेतंय? तो मालकाचाच राहतो. त्यात नियंत्रित शेतमालाचा घाऊक सौदा करता येणार नाही, एवढंच. १९६३ च्या कायद्यातल्या कलम ६ मध्ये किरकोळ विक्रीला सूट आहे, शेतकऱ्यानं स्वतःचा माल विकण्याला सूट आहे. म्हणजे त्याच गाळ्यात उद्या किराणा चालू शकतो. गाळ्याची किंमत पडेल? कदाचित पडेल, कदाचित कपड्याच्या शोरूमला दिल्यावर वाढेलही. भरपाईचा मुद्दा यावर उभा राहत नाही. समितीनं स्वतःच्या मालकीचे जुने गाळे भाड्यानं दिले असते तर करारावर बोलता आलं असतं, पण ते थोडेच होते.

कागद कुठं कच्चा होता

मग आम्ही समितीची फाइल बघितली, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला.

त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणं प्रत्येक बाजार क्षेत्रात एक मुख्य बाजार असतो आणि एक किंवा अनेक उपबाजार असू शकतात. ती जागा ठरवायची पणन संचालकांनी, राजपत्रातल्या अधिसूचनेनं. इथं समितीचा ठराव होता, सभापतींच्या सहीची नोटीस होती, वर्तमानपत्रातली जाहिरातही होती. संचालकांची अधिसूचना नव्हती, नुसता प्रस्ताव पाठवल्याचं पत्र होतं. कायद्याच्या दृष्टीनं मुख्य बाजार अजून वेशीजवळच होता आणि तिथं सौदा केल्याबद्दल परवाना रद्द करण्याची धमकी हवेतली होती.

परवान्याचंही तसंच. कलम ८ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, पण आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि कलम ९ खाली अपील आहे. ‘अमुक तारखेनंतर आपोआप रद्द’ असं काही कायद्यात नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटली, जरी तिला कलमाचा आकडा चिकटत नाही. नव्या यार्डातले गाळे परवानाधारकांपेक्षा कमी होते आणि वाटपाचा नियमच लिहिलेला नव्हता. पुढच्या रांगेतल्या काही गाळ्यांवर आधीच खुणा होत्या आणि त्या कुणाच्या ते गावाला माहीत होतं. समान वागणुकीचा अनुच्छेद १४ इथं कामाला येतो. सरकारनं बाजार हलवावा, पण हलवताना कुणाला दर्शनी आणि कुणाला मागची भिंत, हे मर्जीवर ठेवता येत नाही.

याचिका तयार झाली, औरंगाबाद खंडपीठासाठी. दाखल करण्यापूर्वी मी संघटनेला एक अट घातली: बंद मागे घ्या. बंद चालू ठेवून कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न शेतकऱ्यांचा येईल आणि त्याला उत्तर नाही. दोन दिवस भांडण झालं. ज्यांच्याकडं बायपासला प्लॉट घ्यायला पैसा होता ते लगेच तयार, एका गादीवर धंदा करणारे छोटे आडते अडून बसले. संघटना एक दिसते, आतून ती कधीच एक नसते.

उपबाजाराची मागणी

बोलणी सुरू झाली तेव्हा व्यापाऱ्यांनी हुशारीनं नवी मागणी आणली: नवं यार्ड मुख्य बाजार करा, जुना मोंढा उपबाजार ठेवा. कायद्यात सोय आहेच. ऐकायला दोघांचं समाधान.

मी त्यांचा वकील असूनही मला ही मागणी पटली नव्हती. लिलावाचा जीव खरेदीदारांच्या गर्दीत असतो. दहा खरेदीदार एका ढिगापुढं उभे राहिले तर बोली चढते. पाच इथं, पाच तिथं झाले की ढिगापुढं दोघं-तिघं उरतात, आणि दोघा-तिघांचं आपसात जमायला चहाची एक टपरी पुरते. अर्धा मोंढा हलला तर भाव मरतो, मरतो तो शेतकऱ्याचा. सगळा हलवा किंवा अजिबात हलवू नका. मुंबईचा घाऊक बाजार वाशीला गेला तेव्हाही कांदा-बटाटा १९८१ च्या सुमारास गेला आणि फळं-भाजी १९९६ ला. टप्पे झाले ते मालाप्रमाणं. एकच माल दोन ठिकाणी वाटणं वेगळं आणि घातक.

शेवटी ठरलं ते असं. समितीनं संचालकांची अधिसूचना येईपर्यंत थांबायचं आणि स्थलांतर हंगामानंतर, उन्हाळ्यात करायचं. तोवर पाणी, शौचालय, हमालांसाठी शेड, शेतकऱ्यांसाठी मुक्कामाची खोली, पोलीस चौकी आणि बँकेची शाखा नाही तरी निदान एटीएम. गाळे सोडतीनं, जुन्या परवानाधारकांना पहिली संधी, आणि एका घराला एकच गाळा. जागेचा व्यवहार संचालकांच्या मंजुरीशिवाय पक्का करायचा नाही. उपबाजार नाही. याचिका दाखल झाली नाही, माझी फी निम्मीच मिळाली.

ज्यांचं नाव फायलीत नव्हतं

बोलण्यात हमाल नव्हते. समितीवर त्यांचा एक सदस्य असतो, पण सह्या करताना त्याला बोलवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्यासकट. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला मजुरी आणि कल्याणाची चौकट दिली. कामावर जायला पाच किलोमीटर कसं जायचं ते चौकटीत नव्हतं. जुन्या मोंढ्यामागच्या वस्तीतून माणूस पायी ओट्यावर यायचा. आता सकाळी शेअर रिक्षा, आणि आवक नसलेल्या दिवशी रिक्षाचे पैसे अंगावर. भुईकाट्यामुळं तोलाईचं कामही घटलं. उलट शेतकऱ्याला भुईकाटा बरा वाटला, कारण काट्यावरची बोलाचाली संपली. एकाच लोखंडी फळीनं एकाचं भलं केलं आणि दुसऱ्याची रोजी खाल्ली.

शेतकऱ्याचं मत विचाराल तर ट्रॉली वळवायला जागा मिळाली यावर तो खूश, आणि विकून झाल्यावर किराण्यासाठी पुन्हा गावात यावं लागतं यावर नाराज.

भाजीवाल्यांनी हसून घेतलं

याच गावात भाजीपाल्याचे आडतेही होते, जुन्या मंडईत. समितीनं त्यांनाही यार्डात चला म्हणून नोटीस दिली. त्यांचा तरुण वकील उभा राहिला आणि दोन मिनिटांत बसला. जुलै २०१६ ला राज्य सरकारनंच फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेरच्या नियंत्रणातून मोकळा केला होता. आवाराबाहेर भाजीची घाऊक खरेदी-विक्री करणाऱ्यावर समितीचा हात पोचत नाही. जो अधिकार सोयाबीनच्या आडत्यावर चालतो तो शेजारच्या टोमॅटोच्या आडत्यावर चालत नाही, आणि हे न्यायालयानं केलं नाही, सरकारनं स्वतःच केलं. भाजीबाजार हलवायचाच असेल तर आता नगरपालिका आणि वाहतूक पोलीस यांच्या वाटेनं जावं लागतं.

मोंढ्यातल्यांनाही मधे एकदा अशी आशा लागली होती. जून २०२० मध्ये केंद्राचा अध्यादेश आला, बाजार आवाराबाहेर कुठंही खरेदी करा, बाजार फी नाही. ‘मग बायपासला जायचं कशाला’ असं चार जण म्हणू लागले. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं कृषी कायद्यांना स्थगिती दिली, त्या वर्षाअखेर संसदेनं ते रद्द केले, आणि चार जण पुन्हा गप्प झाले.

आता मोंढा बायपासला आहे. अधिसूचना राजपत्रात आली, सोडत झाली, बाभळी गेल्या. काकांना तिसऱ्या रांगेत गाळा लागला, जुन्या गाळ्यात त्यांच्या नातवानं किराणा आणि बारदाना सुरू केला. यार्डाच्या कडेला दोन खानावळी, एक बियाण्याचं दुकान आणि प्लॉटिंगचे फलक लागलेत, म्हणजे गाव निघालंय पाठोपाठ. पुढच्या रांगेतल्या सात गाळ्यांची सोडत नीट झाली नाही म्हणून छोट्या आडत्यांनी संचालकांकडं तक्रार केलीय. मागच्या सोमवारी तिसरी तारीख होती, समितीच्या सचिवांनी पुन्हा मुदत मागितली.